'थांब' नावाची बाई

मरियामातेच्या डोंगराची निम्मी वाट चढून झाली, तशी स्तामातियामावशी दगडावर टेकली. देवळातल्या दिव्यासाठी घेतलेली तेलाची बाटली तिनं मांडीवर ठेवली. आमच्या बेटावर शेळ्या राखून, चीज करून तिनं एकटीनं मुलगा वाढवला होता.

"उद्या नातीचा बाप्तिस्मा," ती म्हणाली. "आणि माझा लेफ्तेरिस तिला माझंच नाव देणार म्हणतो."

"मावशी, पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव देतातच की. पोरगा रीतीनं वागतोय."

"रीत मला शिकवू नकोस. माझ्या नावाचा अर्थ 'थांब'. चार मुलींवर पाचवी मी आले, तेव्हा बापानं देवाला बजावलं, आता मुली बस!"

"मग ऐकलं का देवानं?"

"कसलं ऐकतोय! माझ्या मागून आणखी दोघी आल्या." ती खळखळून हसली. "आई मातूला म्हणायची, शाळेत मातिना झाले. कितीही लाडानं वळवलं, तरी नकोशी ती नकोशीच. ही पोर सगळ्यांना हवी आहे. तिच्या गळ्यात हे कशाला?"

"लेफ्तेरिसला सांग ना मग."

"सांगितलं. म्हणतो, गाव काय म्हणेल?"

ती उठली. डोक्याचा रुमाल तिनं घट्ट आवळला.

"अर्गिरो, मरियामातेच्या कानावर मी घालणारच आहे. पण पोरीची धर्ममाता तू. पाद्रीबाबा नाव विचारतील, तेव्हा उत्तर तुला द्यायचंय. फोतिनी म्हण. फोतिनी म्हणजे उजेड. माझं नाव तोंडातून काढू नकोस."