सरांचा जामोदी भुंगेरा

आमच्या झूलॉजी डिपार्टमेंटचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. एच.ओ.डी. सर केबिनमधून बाहेर आले की एक तयार होतो!

सुषमा सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. विषय, लाकूड पोखरणारा लांब मिशांचा भुंगेरा गावागणिक कसा बदलतो. ती रोहिणखेड, जळगाव जामोद उन्हातान्हात पालथं घालायची. सर पंख्याखाली बसून निष्कर्ष काढायचे!

"जामोदच्या मिशा लांब. म्हणजे जात वेगळी!"

"सर, जामोदला नर सापडले, रोहिणखेडला माद्या. नराच्या मिशा लांबच असतात."

"तू मले शिकवून राह्यली काय?"

*

मग जामोदहून एक नर आला, एवढुसा. निकृष्ट लाकडात वाढला की राहतो लहान. सर म्हणाले, "हा कुपोषित आहे. काढा!"

रोहिणखेडला चांगला दांडगा नर सापडला. सर म्हणाले, "हा पाहुणा आहे. काढा!"

असे नको ते काढले की उरलेले बरोबर थिअरीत बसतात. धन्य ते संशोधन!

*

जातीला सरांनी स्वतःचं आडनावही देऊन टाकलं. सुषमाला बजावलं, "हा जामोदबाहेर सापडत नाही, असं लिही. नाहीतर थिसिसवर सही नाही." चार वर्षांची मेहनत! पोरगी लॅबमध्ये रडली आणि लिहून मोकळी झाली. मला असा संताप आला होता!

*

मी तिथला लॅब असिस्टंट. नमुने ठेवायला मी प्लास्टिकचा डबा आणला. सर खेकसले, "आपण काय लोणचं घालून राह्यलो काय बे?"

मग सरांनी पिंपळगाव राजाच्या सुताराकडून तिथल्याच आंब्याच्या लाकडाची पेटी बनवून घेतली. काही महिन्यांनी पेटीखाली पीठ पडायला लागलं. कीटकशास्त्राचे प्रोफेसर असलेले आमचे सर म्हणाले, "सुताराचा भुसा असंल. पुसा!"

*

सेमिनारला बाहेरचे एक्स्पर्ट आले. टेबलावर पेटी. सुषमा खाली मान घालून म्हणाली, "हा जामोदबाहेर सापडत नाही."

तेवढ्यात पेटीच्या फळीतून कुरकुर आवाज आला. भोक पडलं. आधी लांबलचक मिशा बाहेर आल्या, मग अख्खा भुंगेरा!

एक्स्पर्टनी तो उचलून पेटीतल्या जामोदींशेजारी धरला. डिट्टो तोच!

"पेटी कुठली?"

"पिंपळगाव राजाची," मी लगेच सांगितलं.

सरांनी घाम पुसला. "पाहुणा असंल!"

सुषमानं पहिल्यांदा मान वर केली.

"कायनं आला मंग, सर? एसटीनं?"