गप्प राहिलेली तार

"जी बोलत नाही ती मेली," असं आमचे दाजी तारांबद्दल नेहमी म्हणायचे. "मग मी दोन दिवस अबोला धरला, तर मलाही उपटून टाकाल," असं बहीण आतून ऐकवायची.

दाजी प्रयोगशाळेत संगणकांचं जाळं आखायचे. मी तिथेच फाटकावर राखणदार असतो. आमच्याकडे एका खोलीतली चित्रं दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत हातातला चहा गार होऊन जायचा. दाजींनी सगळे रस्ते नव्याने आखले. नव्या तारांना जागा हवी, म्हणून जुन्या काढायच्या. जिचा दिवा आठवडाभर लुकलुकला नाही तिला लाल पट्टी, आणि मग ती उपटायची, ही त्यांची रीत.

अशीच एक तळघरातली तार गेली. ती होती शेवाळाचे नमुने थंड ठेवणाऱ्या शीतपेटीची. पेटी बिघडली तरच ती हाक मारायची, एरवी गप्प. आणि पेटी सुट्टीतच बिघडली, हाक कोणापर्यंत पोचलीच नाही. तळघरात शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी डोंगर पालथे घालून जमवलेलं शेवाळ सडून गेलं.

बाई स्वतःलाच दोष देत राहिल्या. पेटीचं दार आपल्याकडूनच उघडं राहिलं असेल, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. इकडे जाळं वाऱ्यासारखं पळत होतं, जो तो दाजींची पाठ थोपटत होता. उपटलेल्या तारेचं दुसरं टोक कुठे होतं, हे दाजींना कळलं होतं.  त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, कोणाला कळणार आहे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते तळघरात गेले. पाठोपाठ मीही गेलो. बाई रिकामी पेटी पुसत होत्या.

"बाई, दार तुम्ही लावलं होतं. पेटीची तार मी काढली."

बाईंचा हात थांबला. 

"एकदा विचारायचं तरी होतंत."

"सुचलंच नाही."

दाजींनी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. बाईंनीही ती दिली नाही. त्यांनी पुसायचं फडकं घडी करून ठेवलं आणि भिंतीपासून पेटी थोडी पुढे ओढली, मागे हात जाईल इतकी. दाजी गुडघ्यांवर बसले आणि तार जोडू लागले.

काम आटोपल्यावर ते माझ्याशीही न बोलता फाटकाबाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेकडेने घराकडे चालत गेले. मी फाटकातून पाहत होतो. वर पायरीवर बाई उभ्या होत्या, त्याही पाहत होत्या.