आठवा जंपर आणि गोविंदमामा

कुंभकोणमचा माणूस लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात पितळेच्या पेल्यात कॉफी ओतलीच असेल. आता एक-दोन गोपुरं येतील, एखादं तळं येईल, विठ्ठलाचं भजन होईल आणि गेलेल्या माणसाबद्दल आहे म्हणजे शेवटी डोळ्यांत पाणी… थांबा, पेला खाली ठेवा. मी तुम्हाला गॅस टर्बाइनच्या कंट्रोल पॅनेलमधला सर्किट बोर्ड कसा बदलतात ते सांगणार आहे. गोविंदमामा गेले, आणि त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं बोलायचं मला जमत नाही.

बातमी कशी आली ते आधी सांगतो, म्हणजे मी किती शहाणा आहे ते कळेल. मला नकला करता येतात. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी व्हरांड्यातून अख्ख्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती आणि वर्ग खरंच घरी गेला होता. गोविंदमामांचा आवाज तर माझ्या डाव्या हातचा मळ. नाकातून सुरू होणारा, मधेच घशात अडकणारा आणि वाक्य संपताना पाटावर बसावं तसा खाली बसणारा. त्यांचा फोन आला की मी त्यांच्याच आवाजात उचलायचो, ‘काय रे, अस्कं बेस?’ अस्कं म्हणजे सगळं. आमची तंजावरकडची मराठी तशी जुनी, पुण्याच्या पाहुण्यांना ती आजीच्या पेटीतून काढल्यासारखी वाटते, आणि हे लिहितानाही मी तिला थोडी इस्त्री फिरवतोय. तर मी असं म्हटलं की पलीकडून मामाही तेच म्हणायचे, ‘काय रे, अस्कं बेस?’ ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा स्वतःशीच बोलतोय. दीड महिन्यापूर्वी सकाळी कामाला जाताना तिरुभुवनम्‌च्या स्टॉपवर बस थांबली होती, रेशमाचे गठ्ठे घेऊन दोघं चढत होते, आणि मोबाइलवर मामांचं नाव आलं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, ‘काय रे, अस्कं बेस?’ पलीकडून मामींचा आवाज आला, ‘किट्टू… हे गेले रे. पहाटे, झोपेतच.’ कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं. मला कुठल्या आवाजात उत्तर द्यावं ते सुचेना.

गोविंदमामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांचे ते मामा. आडुतुरैच्या पुढं भातशेतांच्या मधोमध गॅसवर चालणारं एक लहानसं वीजकेंद्र आहे, तिथं ते माझ्या जन्माच्या आधीपासून कंट्रोल पॅनेलची दुरुस्ती करायचे. मी गावातल्याच पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून तिथं लागलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मनगटावर एक पट्टी बांधली. तिच्यातून कुरळी वायर निघून पॅनेलच्या लोखंडाला लागते. आपल्या अंगात बारीकशी वीज साठलेली असते, ती बोर्डाला लागली तर चिप मरते, म्हणून ही पट्टी. मामा तिला कडं म्हणायचे. ‘अंगातली वीज आधी जमिनीला दे, मग हात लाव. तुझ्या अंगात तर माकडाएवढी वीज आहे.’ एका हातानं बांधताना ते तिचं टोक दातांनी ओढायचे, त्यामुळं त्यांच्या कड्यावर दातांच्या खुणा होत्या.

केंद्रात सगळे तमिळ बोलणारे. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. बाहेर आम्हीही तमिळच बोलायचो, पण पॅनेलचं दार उघडलं की मामा घरच्या भाषेवर यायचे, जणू देवघरात शिरलेत. त्यांचं म्हणणं, आकडे मोजावेत ते घरच्याच भाषेत, चूक लवकर कळते. त्या पॅनेलमध्ये तीन प्रोसेसर आहेत. तिघंही एकच गणित करतात, गॅस किती सोडायचा, वेग किती ठेवायचा, आणि दोघांचं जे जुळेल ते मशीन ऐकतं. एखाद्याचं डोकं फिरलं तरी उरलेल्या दोघांच्या जिवावर मशीन चालू राहतं, आणि तेवढ्यात त्या तिसऱ्याची वीज काढून त्याचा बोर्ड बदलायचा. फक्त तेवढ्या वेळात त्या दोघांपैकी एकानं जरी मान टाकली की संपलं… मशीन बंद, आणि सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे.

या बोर्डावर जंपर असतात. म्हणजे तीन-तीन पिनांपैकी वरच्या नाहीतर खालच्या दोनांवर बसवलेल्या काळ्या टोप्या, उडदाच्या दाण्याएवढ्या. जुन्या बोर्डावर जी टोपी वर ती नव्यावरही वर, जी खाली ती खाली, नाहीतर नवा बोर्ड जागाच होत नाही. मामांची पद्धत अशी, की मी जुना बोर्ड बघून वाचायचं आणि त्यांनी नवा बोर्ड बघत उत्तर द्यायचं. ‘पहिला वर.’ ‘वर.’ ‘दुसरा खाली.’ ‘खाली.’ असं सगळं संपून मी ‘झालं’ म्हटलं की मामा चष्मा कपाळावर चढवायचे, बोर्डांची अदलाबदल करायचे आणि म्हणायचे, ‘परत वाच.’ आयुधपूजेच्या दिवशी आमच्याकडे पान्यांना नि मीटरांना गंध-कुंकू लावतात, मग थोडी करमणूक असते. तिथं मी मामांची नक्कल केली होती. लग्नात भटजींनी मंत्र म्हटले तर मामा म्हणतात, ‘परत वाचा.’ लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मामा सगळ्यांत शेवटी हसले आणि म्हणाले, ‘बेस केलंस. आता परत कर.’

ते गेल्यावर त्यांच्या जागी सेल्वम आला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, शांत, हाताचा स्वच्छ. त्याच्यात वाईट काही नव्हतं, हीच पंचाईत. जेवायला त्यानं डबा मामांच्या जागी उघडला की मी उठून पाणी प्यायला जायचो. दिवसभर एक मराठी शब्द तोंडातून निघायचा नाही. बसमध्ये मी मुद्दाम मनात आकडे मोजायचो, गंजू नयेत म्हणून. नकला थांबल्या. कुणी म्हटलं, ‘किट्टू, काहीतरी करून दाखव,’ तर घसा बसलाय म्हणायचो.

पंधरा दिवसांपूर्वी तिसऱ्या प्रोसेसरनं मान टाकली. शिफ्ट इंजिनिअर मॅडम म्हणाल्या, ‘तू आणि सेल्वम मिळून बोर्ड बदला. मशीन थांबता कामा नये.’ मी हो म्हटलं आणि सेल्वमला म्हटलं, ‘तू जेवून ये, मी तोवर तयारी करतो.’ तयारी कसली… मामांच्या जागी बसून दुसऱ्या कुणी मला उत्तर द्यावं, हे मला नको होतं. मामींनी दिलेलं मामांचं कडं मी मनगटावर चढवलं. शेवटच्या भोकातही ते सैलच. त्या प्रोसेसरची वीज काढली, दिवा विझलेला दोनदा बघितला, वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, बोर्ड बाहेर काढला. जुना डाव्या हाताला, नवा उजव्या हाताला. नव्यावरच्या टोप्या बसवल्या आणि वाचायला सुरुवात केली. ‘पहिला वर.’

उत्तर नाही. मागं टर्बाइन घोंघावतंय, पॅनेलचे पंखे फिरताहेत, आणि त्या एवढ्या आवाजात मला कुणी ‘वर’ म्हणत नाही.

मग मीच म्हटलं, ‘वर.’ नाकातून सुरू करून, खाली बसवून. इतकं हुबेहूब आलं की अंगावर काटा आला. ‘दुसरा खाली.’ ‘खाली.’ ‘तिसरा खाली.’ ‘खाली रे, पुढं चल.’ खरं सांगतो, महिनाभरात पहिल्यांदा मला एकटं वाटलं नाही. ‘सातवा वर.’ ‘वर.’ ‘आठवा खाली.’ ‘खाली.’ ‘झालं, मामा.’ ‘बेस.’

बोर्ड बसवला, वीज दिली. छोट्या पडद्यावर आकडे चढत जातात, शेवटचा आकडा आला की नवा बोर्ड बाकी दोघांत सामील होतो. आकडे चढले आणि मधेच थांबले. वीज काढून पुन्हा दिली, पुन्हा तिथंच थांबले. वॉकीटॉकीवर मॅडम, ‘किट्टू, किती वेळ? मी दोघांवर मशीन चालवतेय.’ मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. तेवढ्यात सेल्वम आत आला. काही न विचारता त्यानं वीज काढायला लावली, बोर्ड बाहेर घेतला, जुना बोर्ड स्वतःच्या हातात धरला आणि तमिळमध्ये वाचू लागला. मी नव्याकडे बघत उत्तरं देत होतो. आठव्याला तो म्हणाला, ‘वर.’ मी म्हटलं, ‘खाली.’ त्यानं जुना बोर्ड माझ्या नाकाजवळ आणला. वरच होता. टोपी बदलली, बोर्ड बसवला, आकडे शेवटपर्यंत चढले. वॉकीटॉकीवर मॅडम म्हणाल्या, ‘तिसरा आला.’ मशीनला काही कळलंसुद्धा नाही.

‘तू एवढा वेळ कुठं होतास?’ मी सेल्वमला विचारलं. तो हात पुसत म्हणाला, ‘दाराबाहेरच उभा होतो. आत दोघं बोलताहेत असं वाटलं… मधे येऊ नये म्हटलं.’

शिफ्ट सुटल्यावर मी मामींकडे गेलो. त्या चिंच कोळत होत्या, आंबट करायला, म्हणजे तुमच्या सांबाराचं आमच्या घरातलं रूप. हसतील म्हणून मी सगळा प्रसंग दोन्ही आवाजांत करून दाखवला. पहिला वर, वर, दुसरा खाली, खाली… मामींचे हात थांबले. आठवा खाली, खाली. झालं, मामा.

‘मग? ते काय म्हणाले?’

‘बेस म्हणाले.’

मामींनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ‘ह्यांनी? पहिल्या वाचनाला बेस म्हटलं? मी गॅसची कळ बंद केली म्हटलं तर परत बघ. मीठ घातलं म्हटलं तर परत चाख. मला बघायला आले तेव्हासुद्धा एकदा बघून होय म्हणाले नाहीत, पुढच्या आठवड्यात परत आले. आणि तुझ्या आठ टोप्यांना एका दमात बेस? मेल्या, गावभर त्यांच्या नकला करत हिंडलास आणि एवढं शिकला नाहीस? त्या सकाळी फोनवर त्यांचा आवाज काढलास, मी तुला एक शब्द बोलले का? नाही बोलले. तो त्यांचाच होता. आजचा नव्हे. तुला नाही म्हणणारं कुणी नको होतं, म्हणून त्यांच्या तोंडून खोटं बोलवलंस. मशीन बंद पडलं असतं तर नाव कुणाचं गेलं असतं?’

मामींनी चिंचेचं भांडं पुढं ओढलं.

‘उद्या त्या सेल्वमला जेवायला घेऊन ये. आणि ते कडं काढ हातातलं. तिथं लाव, त्यांच्या खुंटीला.’

मी लावलं.

‘वायर लोंबतेय. परत लाव.’