बांधावरचं भोजनदान

आषाढ पौर्णिमा, गुरुवार. सकाळी मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. विहारात उतरलेल्या भंतेंना बाराच्या आत जेवण द्यायचं होतं आणि ते आमच्या घरचं ठरलं होतं. खरं तर भंते आमच्याकडे यायचेच नव्हते. ते वर्षावासासाठी रोह्याला निघाले होते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूनं एकाच जागी राहायचं, आणि आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून ते सुरू होतं, म्हणून त्यांना घाई होती. पण आदल्या संध्याकाळी वडखळच्या नाक्यावर पाणी भरलं, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि नाक्यावर अडकलेल्या आमच्याच गावच्या एकानं त्यांना मोटारसायकलवर बसवून आमच्या विहारात आणून सोडलं.

खरं सांगायचं तर त्यांचं येणं मला जड झालं होतं. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता आणि नुकतंच लावलेलं आमचं भात पाण्याखाली होतं. माझे मिस्टर रोह्याला कंपनीत आहेत, त्यांची शिफ्ट सुटत नाही, तेव्हा शेत मीच बघते. रोज सकाळी जाऊन मी बांधावरून पाण्याकडे बघायचे, आणि रोज कालच्यापेक्षा कमी शेंडे दिसायचे. वंदना मी चुकवत नाही, पौर्णिमेला अष्टशील पाळते, पण त्या आठवड्यात त्रिसरण म्हणताना तोंड चालायचं आणि डोकं शेतात असायचं. या सगळ्याचा उपयोग काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. मी देवभोळी कधीच नव्हते. आता धम्मावरचाही भरवसा पातळ झाला होता.

आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं. एका बाजूला खाडी, एका बाजूला भातशेती आणि मध्ये मातीचा बांध. बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे दारच. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याची झडप बाहेर ढकलतं आणि खाडीत जातं, भरती आली की झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. गाव जगतं ते या दारावर. त्या आठवड्यात खाडीतून वाहत आलेला एक मोठा ओंडका, फाटक्या जाळ्यांत गुंडाळलेला, झडपेच्या बाहेरच्या अंगाला येऊन रुतला होता. झडप उघडेना. तेव्हा भांगाचे दिवस होते, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही बेताची. पाणी पुरेसं खाली जायचंच नाही. दोन पोरांनी बुड्या मारून पाहिल्या, पण गढूळ पाण्यात हाताला काही लागलं नाही.

त्यातून गावाचे दोन भाग झाले. ज्यांची शेतं आत, खोलगट भागात, त्यांचं म्हणणं, बांध तोडा. त्यांचा म्होरक्या माझा धाकटा दीर बाळू. ज्यांची शेतं बांधालगत जरा उंचावर, त्यांचं म्हणणं, बांधाला हात लावायचा नाही, आणि पहारी घालून झडपही मोडायची नाही. त्यांच्या पुढं नामादादा. नामादादा आगरी, आमच्या शेजारचे शेतकरी, बाळूला लहानपणी पोहायला त्यांनीच शिकवलेलं. आता दोघं रस्त्यात एकमेकांकडे बघत नव्हते. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन पावसाळे तिथं भात होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पण बाळू म्हणायचा, सकाळी खाडीचं पाणी खाली असताना बांध फोडू, आतलं पाणी काढू आणि भरती चढायच्या आत बुजवू. वाहत्या पाण्यात बांध बुजवता येत नाही हे कोणीही सांगेल. तरी मी त्याच्याच बाजूची होते. डोळ्यांदेखत भात कुजत असलं की माणूस कशालाही हो म्हणतं.

वाल निम्मे सोलून झाले तेव्हा जाऊबाई धावत आली. "वैनी, चला गो! बांधावर कुदळी घेऊन गेलेत. नामादादा आडवा पडलाय म्हणं, मला पुरा आणि मग बांध तोडा म्हणतोय!"

मी हात थांबवला नाही. बाराच्या आत जेवण झालं नाही तर भंते दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहणार, आणि बांध तोडायला माझी गरज नव्हती. बिरडं फोडणीला टाकलं, भात उतरवला, भाकऱ्या थापल्या. विहारात गेले तर तिथं चिटपाखरू नाही. पौर्णिमेची वंदना होती, पण सगळे बांधावर. भंते एकटे चीवर सावरून पायरीवर बसलेले. वय माझ्याहून थोडं जास्त असेल, अंगानं किरकोळ. त्यांनी विचारलं, "सगळे कुठं आहेत?" मी सांगितलं. ते उठले, पात्र घेतलं आणि म्हणाले, "मग जेवण तिकडंच होऊ द्या."

मला मनातून वैताग आला. अंगावर पौर्णिमेची पांढरी साडी, डोक्यावर पातेलं, पायाखाली चिखल. पण भंतेंना नाही कसं म्हणणार? त्यांच्या मागून मी चालत राहिले.

बांधावर दोन्हीकडची मिळून तीस-चाळीस माणसं असतील. भांडणात सकाळ सरली होती, तरी बाळूनं गवताची पहिली ढेकळं काढली होती. नामादादा आडवे पडलेले नव्हते, ही जाऊबाईची भर. पण काठी घेऊन उभे होते आणि त्यांचा आवाज बसला होता. भंते त्या दोघांच्या मधोमध गेले, जिथं ढेकळं काढली होती तिथंच चीवराचा घोळ आवरून मांडी घालून बसले आणि पात्र पुढं ठेवलं. त्यांना जागा कळली होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. बसायला तीच जागा सपाट होती, एवढं खरं.

बाळू म्हणाला, "भंते, जरा पलीकडं बसा. हितं काम हाय."

"बारा वाजायला किती अवकाश आहे?"

"असंल तास-सव्वा तास."

"तेवढ्यात जेवून घेतो. बारानंतर मला चालत नाही."

झालं. भिक्खू जेवायला बसला असताना त्याच्या बाजूला कुदळ कोण मारणार? आमच्यातली माणसं कितीही तापलेली असली तरी हे व्हायचं नाही. कुणीतरी चपला काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या. बाळूनं कुदळ खाली ठेवली. दान द्यायच्या आधी त्रिसरण-पंचशील घ्यायचं असतं. त्या वाऱ्यात आमच्याकडच्या सगळ्यांनी हात जोडून ते घेतलं, आणि माझ्या लक्षात आलं की या आठवड्यात पहिल्यांदा माझं डोकं आणि तोंड एका जागी आहे. मी वाढलं. मग भंतेंनी पलीकडे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. "तुमच्याकडचं काही नाही का?"

नामादादा गडबडले. "आम्ही तुमच्यातले नाय, महाराज."

"मी सगळ्यांकडचं जेवतो."

नामादादांची बायको बांधाखालच्या घरातून तांदळाची भाकरी आणि लोणच्याची फोड घेऊन आली. येताना बाळूला म्हणाली, "तू बघतोस काय? तुला पण घालते, पण आधी ती कुदळ लांब ठेव." कोणीतरी हसलं. बाळू हसला नाही, पण त्यानं कुदळ पायानं मागं सारली.

भंते सावकाश जेवले. कोणत्याही माणसाला मी इतकं सावकाश जेवताना पाहिलेलं नाही. कौतुकाचा घास नाही, नावडीचा घास नाही. पोट मागेल तेवढं घेऊन त्यांनी हात धुतला. आणि ते जेवत होते तोवर खाडी चढत होती. पौर्णिमेचं उधाण होतं. आम्ही सगळे तिथंच बसलेलो, त्यामुळे सगळ्यांनीच पाहिलं. पाणी बांधाच्या अंगाला लागलं, वर आलं आणि माथ्यापासून हातभर खाली येऊन थडकू लागलं. बाळूनं सकाळी काढलेली ढेकळं त्या माथ्यावरच पडलेली होती. बाळू त्या पाण्याकडे बघत राहिला आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

जेवण झाल्यावर भंतेंनी थोडं प्रवचन केलं. आजच्याच पौर्णिमेला बुद्धांनी सारनाथला पाच जणांना पहिला उपदेश केला, तो दोन टोकांबद्दलच होता, असं ते म्हणाले. एक टोक देहाचे लाड करण्याचं, दुसरं देहाला जाळण्याचं. दोन्ही सोडून मधला मार्ग. हे मी लहानपणापासून ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर मधला मार्ग म्हणजे तडजोड, दोघांनी थोडं थोडं सोडायचं, असं मी धरून चालले होते. भंते म्हणाले, "मधला म्हणजे निम्मानिम्मा नव्हे. अर्धा बांध तोडला तर तो मध्यम मार्ग होत नाही, खारं पाणी अर्ध्यातूनही येतं. दोन टोकांत जो ओढला जातो, त्याला समोरचं दिसत नाही. टोकं सोडली की जे आहे ते दिसतं. मग काय करायचं ते कळतं." एवढंच. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. "हे दार कशानं अडलंय?"

दोन्हीकडून एकदम उत्तरं आली. ओंडका. जाळी. पाण्याखाली आहे. हाताला लागत नाही.

"नेहमीच पाण्याखाली असतो?"

मीच बोलून गेले, "नामादादा, आज उधाण ना? मग ओहोटीपण तेवढीच खाली जाईल."

नामादादा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, बाळूलाही. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण उधाण म्हटलं की आम्हाला त्या आठवड्यात भरतीच आठवत होती. एकाला ती यायच्या आत बांध फोडायचा होता, दुसऱ्याला ती येईल म्हणून कशालाच हात लावू द्यायचा नव्हता. त्याच दिवसाची पहाटेची खोल ओहोटी आम्ही भांडणाच्या तयारीत घालवली होती.

"सांजच्याला उघडा पडंल तो," नामादादा हळूच म्हणाले. "दोर पायजे जाडा."

"दोर हाय माझ्याकडं," बाळू म्हणाला. खाली बघतच म्हणाला, पण नामादादांना म्हणाला.

भंते दुपारीच निघाले. वडखळचं पाणी ओसरल्याचं कळलं होतं आणि पेणहून रोह्याची गाडी मिळण्यासारखी होती. मी म्हटलं, "भंते, झडप उघडेपर्यंत तरी थांबा." ते म्हणाले, "ती उघडली तर तुम्ही बघालच. नाही उघडली तरी तुम्हीच बघायचं आहे." आणि कालच्याच माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले.

दुपार उलटून बराच वेळ झाल्यावर ओंडका दिसायला लागला. आधी काळी पाठ, मग जाळ्यांचा गुंता, मग पूर्ण. बाळू आणि नामादादा कमरेइतक्या चिखलात उतरले. नामादादा ओरडत होते, "दोर खालून घाल रे, वरून काय घालतोस, लगीन लावतोस का त्याचं?" आणि बाळू तितक्याच जोरात उलट बोलत होता. वर दोन्हीकडची माणसं एका दोराला लागली. मीही लागले, पांढऱ्या साडीसकट. ओंडका हलला, निसटला, आणि झडप अशी उघडली की आतलं पाणी धाडकन खाडीत पडलं. भरती परत फिरेपर्यंत ते वाहत होतं. मग झडप मिटली, जशी मिटायला हवी तशी.

मी याला चमत्कार म्हणत नाही. ओंडका दोरानं निघाला आणि ओहोटी चंद्रानं आणली. पण ज्या पावसानं आमचं भात बुडवलं, त्याच पावसानं वडखळचा रस्ता अडवला आणि तो माणूस आमच्या बांधावर आणून बसवला, हे माझ्या मनातून जात नाही. आठवडाभर मी पाण्याशी, दिराशी, मनातल्या मनात बुद्धाशीसुद्धा भांडत होते. सोडून द्यायचं म्हणजे हात बांधून बसायचं, असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की आपला हट्ट सोडला की हात उलट मोकळे होतात. भंतेंनी आम्हाला काही दिलं नाही, कोणाची बाजूही घेतली नाही. ते फक्त शांतपणे जेवले. त्यांना आणि त्यांच्या मार्गाला माझं वंदन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेले. पाणी घोट्याखाली आलं होतं. साधारण निम्मं भात तगलं होतं, निम्मं कुजलं होतं. नामादादांची बायको आधीच बांधावर उभी होती, त्यांच्या उंचावरच्या तुकड्यातली उरलेली रोपं जुड्या बांधून घेऊन. मी साडी खोचली, कुजलेली रोपं उपटून बाजूला टाकली आणि दुपारपर्यंत आम्ही दोघींनी रिकाम्या जागा लावून काढल्या.