स्ट्रेचरवाल्याला शोधत आलेला

पन्नास सालानंतरचा तो काळ. सिरोंच्याकडच्या आमच्या गावात अनोळखी माणूस दिसला की लोक आधी त्याच्या पिशवीकडे बघत. गोदावरीपलीकडे तेलंगणात कम्युनिस्टांची धरपकड चालू होती. तिकडून येणारा एकतर पळून आलेला, नाहीतर पोलिसांचा माणूस, असंच सगळे धरून चालत.

एका सकाळी एक लंगडा माणूस काठी टेकत नावेतून उतरला आणि माझ्या थोरल्या भावाची चौकशी करू लागला.

भाऊ ब्रह्मदेशच्या लढाईतून परतला होता. तिथे तो जखमी शिपायांचं स्ट्रेचर उचलायचा. गावाला हे पटत नसे. "लढाईत गेला आन् बंदूक नाई चालवली? खोटं बोलून राह्यला," असं लोक म्हणत. भाऊ कधी उत्तर देत नसे, त्यामुळे संशय आणखीच वाढे.

वहिनीनं पाहुण्याला ओसरीवर पाणी दिलं, घरात घेतलं नाही. मी खळ्यावर धावलो. माझं बोलणं ऐकून भावाचा चेहरा पडला.

"कोनता पाय लंगडा हाय?"

"डावा."

"मी घरी नाई म्हणून सांग त्याले," म्हणत तो धानाच्या पेंढ्या रचलेल्या पुंजण्यामागे जाऊन बसला. यानं तिकडे नक्की काहीतरी केलंय, असं मलाही वाटलं.

पण पाहुणा माझ्या मागोमाग आला होता. भाऊ दिसताच त्यानं काठी टाकली आणि त्याचे दोन्ही हात धरले. मग तेलुगू वळणाच्या हिंदीत तो मला सांगू लागला. उघडी टेकडी, वरून गोळ्या. स्ट्रेचरचा पुढचा गडी तिथंच मेला. तेव्हा भावानं या जखमी पाहुण्याला पाठीवर घेतलं आणि खाली ओढ्यापर्यंत आणलं. "गोली चल रही थी, ये रुका नहीं."

भाऊ त्याच्याकडे रोखून बघत होता. "आन् दुसऱ्याचं काऊन नाई सांगत?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "याच्या बाजूले आणखी एक जखमी होता. हा वरडत होता म्हणून याले आधी उचललं. त्याले म्हटलं, येतो. याले पोचवून परत गेलो. सायब नको म्हणत होता, तरी गेलो. तो थंडा पडला होता."

"तू मुझे उठाया, उसके पहलेच वो मर गया था," पाहुणा म्हणाला.

"त्याचे डोळे उघडे होते."

"मरने के बाद भी खुले रहते."

"मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यला का?"

पाहुण्यानं नकारार्थी मान हलवली, पण बघत जमिनीकडे होता.

दुपारी वहिनीनं दोघांना घरात जेवायला वाढलं. पाहुणा नावेनं परत गेल्यावर भावानं मला विचारलं, "तुले काय वाट्टे? खरं बोलला?"

"खोटं बोलाले एवढ्या दूर कोन येते?"

"असं खोटं बोलालेच येते," भाऊ म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात तो स्वतः नदीपार त्याच्या गावी जाऊन आला. भेटायला गेला होता की पुन्हा विचारायला, ते त्यानं सांगितलं नाही.