कुमुदताईंनी राखलेली जागा

कुमुदताईंच्या साठीच्या गौरवग्रंथासाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा मला हसूच आलं. मिठागरात मीठ ओढणारी बाई मी, लेख कसला लिहिणार? पण ताईंबद्दल गप्प बसणंही जमेना.

त्यांची पहिली भेट मिठागराच्या बांधावर झाली. मनाच्या आजारातून उठून मी नुकतीच कामावर परतले होते. कानातले आवाज गोळ्यांनी थांबले होते, पण जेवायला माझ्याशेजारी कुणी बसत नव्हतं. ताई येऊन बसल्या आणि माझ्या डब्यातला सुका जवळा मागून खाल्ला. म्हणाल्या, "मलाही हाच आजार आहे. गोळ्या अजून चालू आहेत." शिकलेलं माणूस हे उघड बोलतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

हा आजार स्वतः काढलेल्या माणसांनीच दुसऱ्याला आधार द्यायचा, असं ताईंचं काम. पेण-रोह्यात असे 'सोबती' त्यांनी उभे केले. आधीचे सगळे पेण शहरातल्या रामवाडीच्या आसपासचे, शिकलेले. भेटी ऑफिसात, सकाळी अकराला. त्या वेळी मिठाचं काम टाकून कोण येणार? डोलवीच्या पोलाद कारखान्यात रात्रपाळी केलेला माणूस तेव्हा झोपलेला. ताईंनी मग बिहारहून आलेले एक कंत्राटी कामगार घेतले, रोह्याकडच्या वाल पिकवणाऱ्या एक आजी घेतल्या आणि मलाही घेतलं. सोबती निवडणाऱ्या समितीतले एक सर म्हणाले, "यांची भाषा जरा गावठी वाटते." ताई म्हणाल्या, "तुमची-माझी भाषा ऐकून खाडीकाठची एक तरी बाई आली का?"

पुढे मी पुन्हा आजारी पडले. गोळी एकही चुकवली नव्हती, तरी पडले. सोबतीचं काम गेलं, अशी माझी खात्रीच झाली. स्वतः बुडालेली दुसऱ्याला काय तारणार? समितीतही माझ्या जागी दुसरी बाई बघायचं चाललं होतं. ताईंनी विचारलं, "मास्तरांना कावीळ झाली तर रजा देतात, की घरी बसवतात?" माझी जागा त्यांनी राखली. गुडघे दुखत असताना माझ्याकडे सोपवलेल्या गावांना एसटीने स्वतः गेल्या. आमच्या घरी आल्या की कामाचा चकार शब्द काढायच्या नाहीत, आईबरोबर वाल सोलत बसायच्या. माझ्या आजाराचं गावात सांगू का, एवढं मात्र त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

बरी झाल्यावर मी सोबतीच्या कामावर परतले. शेजारच्या गावात एक सून कित्येक महिने खोलीबाहेर येत नव्हती. आमच्यापैकी कुणाशी बोललीही नव्हती. मी गेले त्या दिवशी ती ओटीवर आली. म्हणाली, "ताई बोलल्या, तू परत पडलीस न परत उठलीस. मंग मी पन उठन का गो?"

"उठशील गो," मी म्हटलं. "वेळ लागल, पन उठशील."

आता तीही सोबतीचं काम शिकते आहे. शिकवायला ताईच आहेत, आणि चुकलं की ओरडतातही. त्यांचा राग म्हणजे अळवावरचं पाणी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

ताई, तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो, हे तर सगळेच मागतील. मी थोडं जास्त मागते. आजार तुम्हांलाही आहे. पुन्हा उलटला तर एकट्या सोसू नका, निरोप धाडा. तुमची जागा कुणाला घेऊ देणार नाही. गावांना बाकीचे जातील, तुमच्याजवळ मी बसेन.