रुबेन काही फेकत नाही

आमच्या घरी श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात, तसे इथे आखातात, हवल्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये रुबेनचे किस्से साठलेत. एकही टाकवत नाही!

रुबेन माझ्याच कंपनीत पायपिंग इंजिनिअर. टेक्सासचा. आजी-आजोबा मेक्सिकोहून आलेले, आणि स्वतःची ओळख तो छाती काढून 'चिकानो', म्हणजे मेक्सिकन वंशाचा अमेरिकन, अशी करून देतो. आमची पहिली भेट झाली ती खाली कचऱ्याच्या ड्रमपाशी. कुणीतरी चांगलं चाकांचं टेबल टाकून दिलं होतं. एका बाजूने मी उचललं, दुसऱ्या बाजूने त्याने! दोघेही इंजिनिअर, दोघेही ओशाळलो.

मग तोच म्हणाला, "टेबल तू घे. मला फक्त चाकं हवीत!"

*

एकदा आमच्या अमेयने रुबेनच्या फ्रिजमधला आइस्क्रीमचा डबा मोठ्या आशेने उघडला. आत शिजवलेला राजमा!

पोरगं तोंड पाडून म्हणालं, "बाबा, सेम ॲज अवर हाउस!"

*

आमच्या मॅनेजरला लॅपटॉपसाठी स्टँड हवा होता. मागणी टाकून महिना झाला तरी परचेसवाले ढिम्म! शेवटी रुबेनने पाइपच्या उरलेल्या तुकड्यांचा एक झकास स्टँड बनवून गुपचूप टेबलावर ठेवला.

दुपारी मॅनेजरचा सगळ्यांना मेल: "थँक यू, परचेस टीम!"

लगेच परचेसचं उत्तर: "यू आर वेलकम!"

*

माझी बायको मंजिरी चिपळूणची. एकदा तिने रुबेनला विचारलंच, "एवढा पगार आहे, मग नवीन का घेत नाहीस?"

तो म्हणाला, "माझ्या आजीकडे पैसे नव्हते. ती जुन्या टायरमध्ये फुलझाडं लावायची, आणि टायर रंगवायचीसुद्धा! नुसतं भागवायचं नाही, झोकात भागवायचं. ते सोडलं तर मी चिकानो कसला?"

मंजिरी माझ्याकडे वळली. "अरे, हा तर आमच्याकडचाच निघाला!"

*

गेल्या वर्षी नाशिकहून माझी आई आली होती. इथेच तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजव्या हाताची पकड गेली. चमचा धरला की निसटायचा. आम्ही भरवायला गेलो की तोंड फिरवायची. "मी काय तान्ही आहे?" जेवण कमी कमी होत गेलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी पार हबकून गेलो.

रुबेन भेटायला आला. तिच्या हाताकडे बघत बसला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी एक चमचा घेऊन हजर! दांड्यावर एसीच्या पाइपचा जाड फोम, मनगटाला अडकवायला जुन्या बॅगेचा पट्टा, आणि वर लाल-पिवळ्या दोऱ्याची नक्षी. त्या माणसाचे आभार कसे मानायचे, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मंजिरीने वरणभात पुढे ठेवला. आईने मूठ वळली. चमचा सुटला नाही! निम्मा भात सांडला, पण हात थरथरत वर आला. मला रडू आवरेना.

तोंडापाशी आलेला चमचा तिने वळवला, समोर बसलेल्या रुबेनकडे.

"आ कर," आई म्हणाली. "तू खाल्लंस की मी जेवते."

रुबेनला मराठीचं अक्षर कळत नाही. पण त्या झुपकेदार मिशांच्या आडदांड माणसाने मुकाट्याने आ केला!